रंग, आकडे आणि उपचार

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना ऑक्सिमीटरची ओळख झाली. बोटाला चिमटा लावायचा, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखल्यासारखं बघत राहायचं आणि तो ९४ च्या खाली गेला की बेडसाठी फोन सुरू करायचे. कोणाला घरी ठेवायचं आणि कोणासाठी गाडी काढायची, हे त्या आकड्यावर ठरत होतं. त्याआधी काहीच महिने, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. बोटावरचं यंत्र ९२ ते ९६ असा बरा आकडा दाखवत असताना धमनीतलं रक्त काढून तपासलं, तर काही रुग्णांचा ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्याही खाली गेलेला होता. गोऱ्या रुग्णांत असे ३.६ टक्के निघाले, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के.

कारण समजायला अवघड नाही. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतं आणि त्यातला किती शोषला गेला यावरून ऑक्सिजनचा हिशेब करतं. कातडीतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. यंत्राची मापं ज्या निरोगी माणसांवर बसवली गेली, त्यांत उजळ कातडीचीच माणसं जास्त होती. मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. व्हेंटिलेटरवरच्या काळ्या रुग्णांत हे यंत्र चुकतं, असं सांगणारा निबंध १९९० सालीच छापून आला होता. तीस वर्षं ती माहिती ग्रंथालयात होती आणि यंत्र रुग्णाच्या बोटावर होतं.

हे यंत्र बनवणाऱ्या कोणाच्या मनात द्वेष असेल असं मला वाटत नाही, आणि पुढच्या पानांकडे वळण्याआधी वाचकाने एवढं ध्यानात घ्यावं अशी माझी इच्छा आहे. वंशभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिवी देणारा, दार बंद करणारा माणूस येतो. तसा माणूस इतिहासात होता आणि आजही आहे. पण रुग्णालयातला भेदभाव बऱ्याचदा कोणीही शिवी न देता घडतो. तो यंत्रात असतो, सूत्रात असतो, अर्जावरच्या रकान्यात असतो, आणि म्हणून तो निसर्गनियमासारखा दिसतो. या प्रस्तावनेत मला मांडायचं आहे ते हेच, की ही दरी माणसांनी खणलेली आहे. आणि जिथे जिथे माणसांनी ठरवून व्यवस्था बदलली, तिथे ती पाहता पाहता बुजलीही आहे.

पुढचे लेख अमेरिकेबद्दल आहेत. भेदभाव फक्त तिथेच आहे, असं कोणी समजू नये. जन्म, मृत्यू, आजार यांची वंशनिहाय नोंद तिथे शंभराहून अधिक वर्षं होत आली आहे, त्यामुळे तिथला वाद पुराव्यानिशी वाचता येतो.

तो वादही जुनाच आहे. १८९६ मध्ये प्रुडेन्शियल विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने काळ्या लोकांचे मृत्युदर मांडले आणि निष्कर्ष काढला, की हा वंश शरीरानेच दुबळा आहे, नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. विमा कंपन्यांना हा निष्कर्ष सोयीचा होता. त्याला उत्तर दिलं डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी. त्यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून माहिती गोळा केली होती, त्यावरचा ग्रंथ १८९९ मध्ये आला. मग १९०६ मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकनांच्या आरोग्यावर स्वतंत्र अहवाल काढला. सामाजिक आणि आर्थिक स्थितीप्रमाणे वर्गवारी केली तर वंशाचा मुद्दा जवळजवळ उरतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आकडे साधारण तेच, पण एकाने कारण शरीरात शोधलं आणि दुसऱ्याने घर, पाणी, काम आणि दवाखान्यात. पुढची सव्वाशे वर्षं वैद्यकशास्त्र या दोघांच्या मध्ये हेलकावे खात राहिलं.

हॉफमनची बाजू किती चिवट होती हे बघायचं तर फुफ्फुसांची क्षमता मोजणारं स्पायरोमीटर घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ते गुलामांवर वापरलं आणि काळ्यांची फुफ्फुसं गोऱ्यांपेक्षा वीस टक्के कमी काम करतात असं जाहीर केलं. गुलामाने पळून जाणं हा एक मानसिक आजार आहे आणि चाबूक हा त्यावरचा एक उपाय आहे, असं १८५१ मध्ये लिहिणारा तो हाच माणूस. गुलामगिरी कायद्याने संपली, पण तो फरक गृहीत धरायची सवय यंत्रात शिरून बसली. विसाव्या शतकातल्या स्पायरोमीटरमध्ये रुग्णाचा वंश भरला की काळ्या माणसासाठी ‘नॉर्मल’ची रेषा दहा ते पंधरा टक्क्यांनी आपोआप खाली यायची. धुळीत, ॲस्बेस्टॉसमध्ये राबून फुफ्फुसं खराब झालेला कामगार अशा रेषेवर निरोगी ठरू शकतो आणि त्याची भरपाई बुडू शकते. आशियाई माणसासाठीही ही रेषा चार ते सहा टक्क्यांनी खाली आणली जात होती. म्हणजे न्यू जर्सीत राहणारा एखादा देशपांडे किंवा कांबळे दम लागतो म्हणून तपासणीला गेला, तर त्याच्याही फुंकरीचा अर्थ त्याचा वंश बघून लावला जात होता. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ही पद्धत सोडून सर्वांना एकच सूत्र लावावं, अशी शिफारस केली ती २०२३ मध्ये.

मूत्रपिंडाचं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे चुकीची किंमत वर्षांत मोजता आली. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड किती काम करतंय याचा अंदाज काढतात. १९९९ च्या आणि नंतर २००९ च्या सूत्रात, रुग्ण काळा असेल तर उत्तराला एका आकड्याने गुणायचं असा नियम होता. २००९ च्या सूत्रात तो आकडा १.१५९ होता. काळ्या लोकांचे स्नायू जास्त असतात, म्हणून क्रिएटिनिनही जास्त, असं समर्थन दिलं जाई. आता हिशेब करा. अमेरिकेत या अंदाजाचा आकडा २० किंवा त्याखाली आला की प्रत्यारोपणाच्या यादीत रुग्णाचा प्रतीक्षाकाळ मोजायला सुरुवात होते. गोऱ्या रुग्णाचं उत्तर २० आलं तर त्याचं घड्याळ सुरू झालं. तेच रक्त, तेच वय, तेच लिंग असलेल्या काळ्या रुग्णाचं उत्तर २३ यायचं, आणि त्याने मूत्रपिंड आणखी खराब होण्याची वाट बघायची. आई गोरी आणि वडील काळे असतील तर कोणतं उत्तर धरायचं, हे सूत्र सांगत नव्हतं.

हा गुणक काढून टाकावा यासाठी वैद्यकीय विद्यार्थी आणि तरुण डॉक्टरांनी आग्रह धरला, ज्येष्ठांनी शंका काढल्या, आणि अखेर २०२१ मध्ये वंशाचा उल्लेख नसलेलं नवं सूत्र आलं. पण यादीत मागे पडलेल्यांचं काय? जानेवारी २०२३ पासून प्रत्यारोपण केंद्रांना जुने कागद उघडून काळ्या रुग्णांचा गेलेला काळ परत जोडून द्यायला सांगण्यात आलं. पुढच्या साधारण सव्वा वर्षात चौदा हजारांहून जास्त रुग्णांचा प्रतीक्षाकाळ असा दुरुस्त झाला. सरासरी दोन वर्षांनी. वैद्यकशास्त्राने आपला अन्याय इतक्या नेमकेपणाने मोजून परत केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. ज्यांचा मृत्यू त्या दोन वर्षांतच झाला, त्यांना अर्थातच काही जोडून देता आलं नाही.

तरीही एक प्रश्न वाचकाच्या मनात राहील: शरीरात खरोखर काही फरक असेलच ना? याचं उत्तर देणारा एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी आवर्जून वाचायला सांगतो. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या बाळांची जन्मवजनं तपासली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बायकांच्या बाळांचं सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम. अमेरिकेत जन्मलेल्या काळ्या बायकांच्या बाळांचं ३,०८९. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या बायकांच्या बाळांचं ३,३३३. कमी वजन हा वंशाचा गुण असता तर थेट आफ्रिकेतून आलेल्या आईच्या बाळाचं वजन सगळ्यात कमी भरलं असतं. ते गोऱ्यांच्या जवळ निघालं. शरीरावर ओझं होतं ते अमेरिकेत काळी बाई म्हणून वाढण्याचं.

ते ओझं शिक्षणाने किंवा पैशाने उतरत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १४.५ होते आणि काळ्या मातांचे ५०.३. पदवीधर काळ्या स्त्रीला बाळंतपणाशी निगडित मृत्यूचा धोका शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षा जास्त आहे, असं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राची आकडेवारी सांगते. सेरेना विल्यम्सची हकीकत जगाने वाचली. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तिला श्वास घेता येईना. फुफ्फुसात गुठळ्या होण्याचा त्रास तिला आधी झालेला होता, त्यामुळे काय घडतंय ते तिने ओळखलं आणि सीटी स्कॅन करा, रक्त पातळ करणारं औषध द्या, असं सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामकाने तिला भ्रम होतोय. आधी पायांची सोनोग्राफी झाली. ती हटून बसली म्हणून सीटी झाला आणि गुठळ्या सापडल्या. टेनिसमधली तेवीस एकेरी ग्रँड स्लॅम जिंकलेल्या बाईलाही आपल्या शरीराबद्दल आपल्याला काय कळतं हे पटवून द्यावं लागलं.

वेदनेच्या बाबतीत तर हे वारंवार दिसलेलं आहे. लॉस एंजेलिसमधल्या एका तातडीच्या विभागात हातापायाचं हाड मोडून आलेल्यांपैकी किती जणांना वेदनाशामक दिलंच गेलं नाही, हे १९९३ मध्ये तपासलं गेलं. गोऱ्यांत २६ टक्के, लॅटिनोंत ५५ टक्के. मोडलेल्या हाडाचा एक्स-रे दोघांचा सारखाच दिसतो. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली. काळ्यांची कातडी जाड असते, यासारख्या चुकीच्या विधानांपैकी निदान एखादं सुमारे निम्म्या जणांना खरं वाटलं.

टस्कीगीचा उल्लेख इथे करायलाच हवा, पण थोडक्यात, कारण त्यावर पुढे स्वतंत्र लेख आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने अलाबामातल्या ३९९ सिफिलिसग्रस्त काळ्या पुरुषांना आजाराचं नाव न सांगता, उपचार न करता, निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलीन हाताशी आल्यावरही दिलं नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ मध्ये माफी मागितली. आज काळे लोक लस घ्यायला किंवा औषधांच्या चाचणीत सहभागी व्हायला कचरले की लगेच टस्कीगीचं नाव घेतलं जातं. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. त्यात दोष नकळत रुग्णाच्या आठवणीवर जातो, जणू तो पन्नास वर्षांपूर्वीचं विसरला की सगळं ठीक होईल. त्याचा अविश्वास गेल्या महिन्यात तातडीच्या विभागात बाकावर ताटकळलेल्या सहा तासांतूनही आलेला असू शकतो.

आता दुसऱ्या बाजूला येतो, म्हणजे दरी बुजते कशी याकडे. वृत्तपत्रं याबद्दल फार कमी लिहितात.

१९४६ च्या एका कायद्याने अमेरिकेत रुग्णालयं बांधायला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला आणि काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळी सोय करायची मुभा त्या कायद्यातच होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात जॉर्ज सिमकिन्स हे कृष्णवर्णीय दंतवैद्य होते. दाढेत गळू होऊन ताप चढलेल्या त्यांच्या रुग्णाला गावातल्या दोन मोठ्या रुग्णालयांत जागा मिळण्याची सोय नव्हती आणि काळ्यांच्या रुग्णालयात खाट रिकामी नव्हती. सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले आणि १९६३ मध्ये जिंकले. पुढच्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला: जी संस्था भेदभाव करेल तिला केंद्राचा पैसा नाही. आणि १ जुलै १९६६ ला वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना सुरू झाली, म्हणजे रुग्णालयांना कधी नव्हे इतका पैसा दिसू लागला. अट एकच, वॉर्ड वेगळे ठेवायचे नाहीत. सरकारी निरीक्षक गावोगाव गेले. दारं, प्रतीक्षागृहं, खोल्या तपासल्या. चार महिन्यांच्या आत हजाराच्या आसपास रुग्णालयांनी वेगळे वॉर्ड मोडले. शतकभराची रीत एका उन्हाळ्यात गेली. त्यानंतरच्या काही वर्षांत मिसिसिपीच्या ग्रामीण भागात न्यूमोनिया आणि अतिसाराने होणारे काळ्या बाळांचे मृत्यू झपाट्याने घटले. जीन्स तीच होती आणि गरिबीही फारशी हटली नव्हती. रुग्णालयाचं दार उघडलं होतं.

त्याच मिसिसिपीत, माउंड बायू या गावात, तेव्हाच आणखी एक काम चाललं होतं आणि मला त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या. १८८७ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी हे गाव वसवलं. भोवताली कापसाची शेती. यंत्रं आल्यावर शेतमजुरांचं काम गेलं आणि घरोघर उपासमार सुरू झाली. जॅक गायगर नावाच्या तरुण डॉक्टरने तिथे आरोग्य केंद्र उभं केलं. विद्यार्थी असताना ते दक्षिण आफ्रिकेत सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याकडे शिकले होते. लोकांना काय हवंय ते लोकांनाच विचारायचं आणि मग दवाखाना उभारायचा, ही पद्धत त्यांनी तिथून आणली. माउंड बायूच्या लोकांनी सांगितलं, आधी खायला हवं. गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केस पेपरवर औषधांसारखं अन्न लिहून द्यायला सुरुवात केली: इतकं दूध, इतकी भाजी, इतकं मांस. ती चिठ्ठी गावातल्या किराणा दुकानात चालायची आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर पडायचं. सरकारी अधिकाऱ्यांनी जाब विचारला तेव्हा गायगर यांनी उत्तर दिलं, की कुपोषणावरचं औषध अन्न हेच आहे. केंद्राने विहिरी खणल्या, संडास बांधले, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. जॉन हॅच या संघटकाच्या पुढाकाराने लोकांनी सहकारी शेती केली आणि चिठ्ठीवर लिहून मिळणारी भाजी स्वतःच पिकवू लागले. आज अमेरिकेत अशी सुमारे चौदाशे केंद्रं तीन कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात. मेळघाटात किंवा गडचिरोलीत काम केलेल्या कोणालाही माउंड बायू लगेच ओळखीचं वाटेल.

आपल्या महाराष्ट्राशी या विषयाचं खरं नातं दोन ठिकाणी आहे.

पहिलं पुण्यात. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का होतो, हे त्या एका फोटोने जगाला सांगितलं. २०१५ पासून अमेरिकेत आशियाई माणसाची मधुमेहाची तपासणी २५ ऐवजी २३ इंडेक्सलाच सुरू करावी असा सल्ला दिला जातो. इथे वंश विचारण्याने फायदाच झाला, मग मूत्रपिंडाच्या सूत्राला विरोध का? माझं उत्तर असं. एका ठिकाणी वंश विचारून जास्त लोकांना लवकर तपासलं, दुसऱ्या ठिकाणी वंश विचारून उपचार लांबवला. आणि याज्ञिक तिथे थांबले नाहीत. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि या फरकाचा माग आईच्या पोषणापर्यंत नेला. इलिनॉयच्या बाळांसारखीच पुण्याची बाळंही आपल्या आयांनी सोसलेलं अंगावर घेऊन जन्मली होती.

दुसरं नातं विदर्भात आहे, आणि ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आपल्याकडे त्या चळवळीचा त्वेष पोचला, तिचे दवाखाने फारसे पोचले नाहीत. ब्लॅक पँथर मोफत दवाखाने चालवत होती आणि १९७१ पासून वस्त्यांत, बागांत बसून सिकलसेलसाठी लोकांच्या बोटातलं रक्त तपासत होती. सरकारने या आजाराकडे काळ्यांचा म्हणून दुर्लक्ष केलं, हा त्यांचा आरोप होता, आणि १९७२ मध्ये निक्सन सरकारला त्यावर कायदा करावा लागला. खरं तर हा आजार रंगाच्या मागे जात नाही. तो मलेरियाच्या मागे जातो. म्हणून तो आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे, आणि गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांच्यात, तसाच विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांतही आहे.

त्या कायद्यानंतर अमेरिकेत जे घडलं ते विदर्भातल्या आणि नंदुरबारमधल्या कार्यकर्त्यांनी नीट वाचावं. तपासणी धडाक्यात झाली. काही राज्यांनी ती सक्तीची केली. समुपदेशन आणि उपचार मात्र मागे राहिले. ज्यांना आजार नव्हता, फक्त वाहक होते, म्हणजे आपल्याकडे ज्यांना एएस पॅटर्न म्हणतात, त्यांना विमा आणि नोकऱ्या नाकारल्या गेल्या. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं. प्रत्यक्ष आजार असलेला, म्हणजे एसएस पॅटर्नचा रुग्ण वेदनेने कळवळत तातडीच्या विभागात आला की तो नशेसाठी इंजेक्शन मागतोय असा संशय घेतला जाई, आणि अजूनही घेतला जातो. हायड्रॉक्सियुरिया या औषधाला सिकलसेलसाठी तिथे मान्यता मिळाली १९९८ मध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये जनुकीय उपचारही आला, एका रुग्णाला बावीस लाख डॉलर किमतीचा.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून भारताचं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, आणि आजाराच्या निर्मूलनाची मुदत २०४७ ची आहे. गावागावांत कार्डं वाटली जात आहेत, लग्न ठरवताना ती जुळवून पाहा असं सांगितलं जात आहे. एएसचं कार्ड हाती आलेल्या मुलीचं लग्न त्यामुळे अडणार का, एसएसच्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया तालुक्याच्या ठिकाणी दर महिन्याला मिळणार का, आणि रात्री दोन वाजता दुखणं उठलं की ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवणार का, हे प्रश्न अभियानाच्या अहवालातल्या तपासणीच्या आकड्यात दिसत नाहीत. त्यांची नोंद आतापासून, जिल्हावार, व्हायला हवी.